पन्हाळ्याचा घाट कोण चढलं?

सहाशे किलोमीटर सायकल मारायला जे जे लागतं, ते सगळं सन्मती मगदूमकडे होतं. सायकल होती, ती घेताना बायकोशी झालेलं भांडण होतं, दोन दिवे होते, तीन जादा ट्यूब होत्या. नव्हता तो फक्त वेळ. शिरोलीच्या एका फौंड्रीत तो क्वालिटी बघायचा. म्हणजे कास्टिंगला कुठं भोक सापडलं की पहिला फोन त्याला, आणि भोकं काय, रोजच सापडतात. पहाटे पाचला उठून तासभर पेडल मारावं तर आदल्या दिवशीची सेकंड शिफ्ट अंगात असायची. कोल्हापूर ते राणेबेन्नूर आणि परत, चाळीस तासांच्या आत, ही राईड त्यानं दोनदा धरली होती आणि दोनदा सोडली होती. एकदा हावेरीतून टेम्पोत बसून आला, एकदा हुबळीतून. यंदा एक्केचाळीस वय झालं होतं. यंदा जमलं तर जमलं, नाहीतर सायकल विकून टाकायची, असं तो स्वतःशीच ठरवून बसला होता.

पण घरात दंडावर लावायची जोडपट्टी आली ती त्याच्यासाठी नव्हे, आईसाठी.

राजमती मगदूम, वय अडुसष्ट, मागच्या पावसाळ्यात न्हाणीघरात पडल्या. हाड मोडलं नाही, पण तीन महिने अंथरुणात गेले आणि मांड्यांचं पार कापड झालं. तेव्हा इर्शाद शिकलगारनं ही पट्ट्यांची जोडी सुचवली. इर्शाद सन्मतीचा शाळेपासूनचा दोस्त, सायकलीचा जोडीदार, आणि धंद्यानं फिजिओथेरपिस्ट.

त्यानं समजावून सांगितलं ते असं. स्नायू राबला की पेशीतलं इंधन घटतं. इंधन घटलं की पेशीतलं एक बटण दाबलं जातं आणि स्नायू रक्तात बारीक बारीक रेणू सोडतो. ती त्याची पत्रंच म्हणायची. इकडं ताण आलाय, ऊर्जा तयार करणाऱ्या भट्ट्या वाढवा, रक्तवाहिन्या वाढवा, अशा मजकुराची. शरीर ती पत्रं वाचतं आणि माणूस झोपला की बांधकामाला लागतं. आपण ज्याला सराव म्हणतो तो घाम नव्हे, तो हा पत्रव्यवहार. आता ही पत्रं यंत्राला वाचता येऊ लागली होती, आणि वाचता आली तशी लिहिताही. दोन पट्ट्या, दोघांच्या दंडावर, आत केसाहून बारीक सुया. देणारी पट्टी एकाच्या रक्तातली पत्रं वाचते आणि मोबाइलवरून दुसरीला कळवते. घेणारी पट्टी आपल्या कुपीतल्या औषधातून तेच रेणू त्याच मापात जुळवून कातडीखाली सोडते. रक्ताच्या नात्यात हे मिश्रण जास्त चांगलं मानवतं, म्हणून आई-मुलगा, भाऊ-भाऊ अशा जोड्या.

"म्हणजे तू पन्हाळा चढायचा आणि मांडी आईची भरायची," इर्शाद म्हणाला.

आणि खरोखर भरली. सन्मती जेवढी कशीबशी सायकल मारायचा तेवढ्यावर आठ महिन्यांत आई भिंत न धरता चालायला लागली, गल्लीच्या टोकाच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, रोज दर्शनाला जायला लागली, आणि भाद्रपद लागायच्या आठवडाभर आधी जेवताना सहज म्हणाली, "यंदा मी दहा करणार."

सन्मतीचा घास हातातच राहिला. दहा म्हणजे दशलक्षण पर्वाचे दहा दिवस कडक उपवास. अन्न नाही, दूध नाही, फळ नाही. दिवसातून एकदा उकळून गार केलेलं पाणी, बस्स. तिनं आजवर पाच-सहा वेळा केले होते, पण ते पडायच्या आधी.

"आई, डॉक्टर काय म्हणतील?"

"डॉक्टर म्हणतील नको. त्यास्नी काय विचारायचं? पाय दिलेत तर वापरायला नको व्हय?"

त्रिशला, सन्मतीची बायको, भाकरी वाढता वाढता म्हणाली, "आत्ती, ती पट्टी उपवासात चालंल का?"

हा प्रश्न आईनं आधीच मार्गी लावला होता. बस्तीत चातुर्मासाला आलेल्या साध्वी माताजींना तिनं विचारलं होतं. त्यांनी विचारलं, तोंडावाटे जातं का? नाही. मग ते अन्न नव्हे, पण अंगाला लागणारी वस्तू शुद्ध पाहिजे. त्यावर आईनं आपला उपाय काढला. रोज सकाळी आंघोळीआधी ती आपली पट्टी उकळलेल्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसणार. आणि देवघराशेजारच्या चार्जिंगच्या डबीत सन्मतीचीही पट्टी तिला चिकटून बसलेली असते, म्हणून तीही पुसणार. एक सोवळी आणि एक ओवळी, शेजारी शेजारी कशी ठेवायची?

मंगळवारी पर्व सुरू झालं. नेमकं त्याच दिवशी फौंड्रीत जर्मन गिऱ्हाइकाचं ऑडिट सुरू झालं. पाच दिवस सन्मतीनं सायकलीकडं नुसतं पाहिलं. राईड पुढच्या शनिवारी, पर्व संपल्यावर दोन दिवसांनी, आणि सराव शून्य. रविवारी एक दिवस सुट्टी मिळाली तेव्हा तो इर्शादबरोबर पन्हाळ्याला निघाला, ते आपली फजिती किती होते एवढं बघायलाच.

वाघबीळपाशी चढ सुरू झाला. सन्मतीनं सवयीनं गियर हलका टाकला. मग एक जड केला. मग आणखी एक. पहिल्या वळणाला त्यानं मागं पाहिलं तर इर्शाद दिसेना. श्वास लागत होता, पण तो कुणातरी दुसऱ्याला लागावा तसा, लांबून. मांड्या तापत होत्या आणि दुखत मात्र नव्हत्या. वर नाक्याशी तो पोचला आणि थांबून हसायला लागला. एकटाच. मग त्याला भीती वाटली. पाच दिवस ऑडिटच्या खोलीत वडे खात बसलेल्या माणसाचे हे पाय नव्हेत, हे त्याचं त्याला कळत होतं.

इर्शाद दहा मिनिटांनी धापा टाकत आला. "काय घेतलंयस लेका? खरं सांग."

"आईशप्पथ काही नाही."

परत खाली वाघबीळच्या टपरीवर चहा घेताना इर्शादनं त्याचा मोबाइल मागितला आणि जोडपट्टीची नोंद उघडली. बघता बघता त्याचा चहा निवला. पडद्यावर लिहिलं होतं: सतत सराव, एकशे बारा तास. विश्रांती, शून्य. तीव्रता, वाढती.

"यंत्र बिघडलंय," सन्मती म्हणाला.

"थांब." इर्शादनं सन्मतीच्या दंडावरची पट्टी काढून उलटी केली. "देणारीवर हिरवी टिकली असते. तुझीवर कुठाय? आणि घेणारीवर पांढरी."

टिकलीच नव्हती. कडेला नुसता डिंकाचा गोल राहिला होता. इर्शादनं बारीक अक्षरातला नंबर वाचला, मोबाइलमध्ये ताडून पाहिला आणि पट्टी टेबलावर ठेवली. "ही घेणारी हाय. आईची. तुझी तिच्या दंडावर हाय."

सन्मतीला आधी गरम पाण्याचं फडकं आठवलं, मग टिकल्या, मग डबी. पुसून ठेवताना अदलाबदल झाली होती, मंगळवारीच. पण एकशे बारा तास? आई कुठं सायकल मारते?

"अरे, उपाशी पोटी पेशीत इंधन घटतं," इर्शाद म्हणाला. "बटण तेच. पत्रं जवळजवळ तीच. यंत्राला काय कळणार माणूस घाट चढतोय का उपाशी बसलाय? त्याच्या लेखी तुझी आई मंगळवारी दुपारनंतर सायकलवर बसली ती अजून उतरलेलीच नाही." तो थांबला. रोजे धरणारा माणूस तो, त्याला हसू आलं आणि लगेच गेलं. "सन्मती, तू आईचा उपवास खायलायस."

"तिला काही धोका?"

"नुसतं वाचल्यानं तिचं काय जात नाही. पण तुझी पत्रं तिला मिळंना झालीत. आजचा हा घाट खरं तर तिच्या पायात जायला पाहिजे होता."

घरी येईपर्यंत सन्मतीनं वाक्य तयार केलं होतं. आई, पट्ट्या बदलल्या गेल्यात, दे इकडं. सोपं वाक्य. पण घरी आई गादीवर भिंतीला टेकून बसली होती, चेहरा उतरलेला पण डोळे लखलखीत, आणि समोर गल्लीतल्या चार बायका हात जोडून. सहावा उपवास, म्हणजे बघायला येणाऱ्यांची रीघ. त्यातली एक म्हणत होती, "राजमतीताई, तुमच्या तपाला तोड नाही." आता ह्यात कुठं मध्ये तोंड घालायचं? तिला काय सांगायचं, की सहा दिवस तुझं तप मोबाइलवरून माझ्या मांड्यांत उतरतंय? ती म्हणेल दोष लागला. पुन्हा पहिल्यापासून धरते म्हणेल. त्याला तिचा स्वभाव ठाऊक होता. मग उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं.

सोमवारी सकाळी आंघोळ करून तो डबीसमोर उभा राहिला. दोन पट्ट्या, एकीसारखी एक. आता त्याला नंबर पाठ होता. आपली उचलायची, आईची तिथं ठेवायची, न बोलता प्रश्न मिटला असता. त्याचा हात आत गेला आणि आईची घेऊन बाहेर आला.

त्याच्याकडे कारणं होती. ह्या आठवड्यात तो सायकलवर बसणारच नव्हता, मग आपली पट्टी लावून आईला पाठवायचं काय, ऑडिटच्या खोलीतले वडे? उलट ते जास्त वाईट नाही का, उपवास करणाऱ्या बाईच्या रक्तात खाऊन तृप्त झालेल्या माणसाची खबर सोडायची? तिचं जात तर काही नव्हतं. सगळी कारणं खरी होती, आणि एवढी सगळी खरी कारणं एका जागी जमली की माणसानं सावध व्हावं, हे त्याला कळायला हवं होतं. मंगळवारी त्यानं तेच केलं. बुधवारी तर विचारही केला नाही. पाय इतके हलके होते की फौंड्रीच्या जिन्यावर तो दोन-दोन पायऱ्या चढत होता, आणि चढताना त्याला दर वेळी लाज वाटत होती, आणि तरी तो दोन-दोनच चढत होता.

बुधवारी अकरा वाजता त्रिशलाचा फोन आला. आत्ती बस्तीच्या पायरीवर बसल्या त्या उठेनात, रिक्षातून घरी आणलंय.

तो धावत घरी आला. डॉक्टर येऊन गेले होते. साखर ठीक, रक्तदाब थोडा खाली, मीठ-पाणी द्या म्हणाले होते आणि आईनं हातानंच नको म्हटलं होतं. ती पडून होती. दंडावर त्याची पट्टी.

पायांतला जोर कशानं गेला? नऊ दिवसांच्या उपवासानं, का रविवारचा घाट तिच्याकडं न पोचल्यानं? का नुसत्या वयानं? कुणालाच सांगता आलं नसतं, यंत्रालाही नाही. सन्मती तिच्या उशाशी बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. टिकल्या, फडकं, पन्हाळा, एकशे बारा तास. सांगताना त्याला वाटत होतं की आई रागावेल, रडेल, निदान पट्टी काढून फेकेल.

आईनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजे माझा उपवास तुझ्या पायात गेला?"

"त्याची खबर गेली. उपवास तुझाच."

"खबर गेली आणि पाय तुझे भरले. मग माझ्यात काय ऱ्हायलं?"

"मला माहीत नाही, आई."

तिनं डोळे मिटले. झोपली असं वाटून तो उठणार तेवढ्यात तिनं विचारलं, "तुला कवा कळलं?"

"रविवारी."

"आज काय वार?"

दारात त्रिशला उभी होती, तिनं तोंड फिरवलं.

"पोटच्या पोराला काय द्यायचं न्हाई असं आईला असतंय व्हय?" आई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता पण शब्द स्पष्ट होते. "मंगळवारपास्नं रविवारपतूर जे गेलं ते मी दिलं असं समजीन. न कळता का होईना. पण पुढचे तीन दिवस मी काय दिले न्हाईत, सन्मती. त्याला काय म्हणायचं ते तूच ठरीव."

तिनं पट्टी स्वतःच काढली आणि त्याच्या हातात दिली. दहावा उपवास तिनं दोन्ही पट्ट्यांशिवाय पुरा केला. कसा केला ते तिलाच माहीत.

शुक्रवारी पारणं झालं. रीतीप्रमाणं घरचे, शेजारचे, एकेकजण येऊन तिला एकेक चमचा मुगाचं पाणी पाजत होते. सन्मतीची पाळी आली. ती तोंड फिरवेल अशी त्यानं मनाची तयारी केली होती. तिनं बाकीच्यांच्या हातचा घेतला तसाच त्याच्याही हातचा घेतला, ना कमी ना जास्त. ह्याचा अर्थ माफ केलं असा, की तू आता बाकीच्यांसारखाच असा, हे त्याला रात्रीपर्यंत उलगडलं नाही.

"उद्या जाणार न्हवं तू?" संध्याकाळी तिनं विचारलं.

"जाऊ?"

"मला काय विचारतोस? पाय तुझ्याकडं हाईत."

शनिवारी सकाळी सहाला तो तावडे हॉटेलच्या चौकात सुरुवातीच्या रेषेवर उभा होता. अठ्ठावीस सायकली, पिवळी जाकिटं, खिशातून डोकावणारी केळी. इर्शाद त्याच्या शेजारी. पाय सुटायला आतुर झाले होते, आणि ह्या वेळी ते राणेबेन्नूर गाठून परत आणणार ह्यात त्याला जराही शंका नव्हती. तीच तर पंचाईत होती. हावेरीला तो हरला होता तेव्हा निदान कोण हरलं ते माहीत होतं. आता पुरी झाली तर कुणाची झाली म्हणायची? आईनं दिलेल्या सहा दिवसांची, का त्यानं काढून घेतलेल्या तीन दिवसांची? पाय काही सांगत नव्हते. पायात सगळं मिसळून गेलं होतं.

शिट्टी झाली. सन्मती सोडून सगळे निघाले. इर्शाद वीस-तीस मीटर जाऊन मागं वळून बघत राहिला, मग त्यालाही जावं लागलं.

घरी त्रिशलानं पोह्यांची बशी पुढं ठेवली. हा परत का आला, हे तिनं विचारलं नाही.

"आज नको," तो म्हणाला. "आज, उद्या आणि परवा नको."

"तीन?" तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं, बशी उचलली आणि आत नेली.

आयुष्यात त्यानं अनंत चतुर्दशीचा एक उपवासही धड केला नव्हता. दुपारी बारापर्यंत शौर्य टिकलं. दोनला डोकं ठणकायला लागलं. चार वाजता तो देवघराशेजारी भिंतीला टेकून बसला होता आणि शेजारच्या घरातल्या फोडणीचा वास त्याच्या डोळ्यांत पाणी आणत होता. आई भिंतीचा आधार घेत आली आणि त्याच्यासमोर खुर्चीवर बसली.

"नियम घेतलायस?"

"नाही. असाच धरलाय."

"कशासाठी?"

"तेच कळेना झालंय." त्याला एकदम रडू कोसळलं आणि त्यानं ते लपवलं नाही. "तुझे तीन परत करावेत म्हणून, का मला बरं वाटावं म्हणून, का ती सहाशेची राईड टाळायला निमित्त पाहिजे होतं म्हणून. सकाळपासून विचार करतोय. प्रत्येक खरं वाटतंय."

"पहिल्या वर्षी मी दहा धरले ते माझ्या जावेनं धरले म्हणून," आई म्हणाली. "तिला लोक पाया पडायला यायचे आणि मी भांडी घासायची. ते मला सोसंना. सहा दिवस मनात दुसरं काय म्हणून न्हवतं. सातव्या दिवशी ती मला बघायला आली आणि मला तिचं नावच आठवंना."

"का?"

"भुकेनं! दुसरं काय?"

सन्मती रडता रडता हसला. हसल्यावर डोकं आणखी ठणकलं. त्यानं हात लांबवून डबीतून एक पट्टी काढली, नंबर दोनदा तपासला, आणि तिच्यापुढं धरली. "ही लाव आई. मी माझी लावतो. आजचं तरी तुला जाऊ दे."

आईनं पट्टी घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि परत डबीत ठेवली.

"हे तुझ्यातच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "कुणाला धाडू नकोस. आणि मला आज बस्तीपतूर माझ्या पायानं जाऊन बघायचंय."

ती उठली. त्यानं घाईनं हात पुढं केला तर म्हणाली, "बस. उठू नकोस, चक्कर येईल."

बाहेर जिन्यावर तिची पावलं एकेक करून खाली जाताना ऐकू येत होती. मधल्या वळणावर ती थांबली. सन्मती अर्धा उठला, क्षणभर तसाच वाकून राहिला, आणि पुन्हा खाली बसला. बऱ्याच वेळानं पावलं पुढं निघाली.